साबुदाण्याची मोकळी खिचडी: सगळा खेळ भिजवण्याचा

खिचडीचा गोळा झाला किंवा दाणे दाताखाली कचकचले, की घरोघरी एकच चौकशी सुरू होते. गॅस मोठा होता का, तूप कमी पडलं का, कढई बदलायला हवी का? कढईचा यात फारसा दोष नसतो. खिचडी बरी होणार की वाईट, हे ती कढईत पडण्याच्या चार-पाच तास आधी, साबुदाण्यावर पाणी ओतताना ठरलेलं असतं. तरीही बहुतेक पाककृतींत भिजवण्याची एका ओळीत बोळवण असते: ‘साबुदाणा रात्रभर भिजत घालावा.’ किती पाण्यात, कोणत्या भांड्यात, भिजला हे ओळखायचं कसं, याचा पत्ता नसतो. म्हणून इथे भिजवण्यावरच जास्त लिहिणार आहे. बाकीची खिचडी पंधरा मिनिटांची आहे.

दोन माणसांना पोटभर होईल असं प्रमाण: १ वाटी साबुदाणा, पाऊण वाटी दाण्याचं कूट, १ मध्यम बटाटा, ३-४ हिरव्या मिरच्या, २ मोठे चमचे साजूक तूप, १ लहान चमचा जिरं, तेवढीच साखर, मीठ, अर्धं लिंबू, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. उपवासाला कोथिंबीर चालते की नाही, जिरं चालतं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.

साबुदाणा कोणता

मध्यम आकाराचा, पांढरा, अपारदर्शक. काचेसारखा दिसणारा नायलॉन साबुदाणा चिवड्यासाठी तळायला आणा, खिचडीला नको. अगदी बारीक साबुदाणा खिरीला ठीक.

धुणं

साबुदाणा शेतात पिकत नाही, कारखान्यात बनतो. आपल्याकडे येणारा बराचसा माल तमिळनाडूतल्या सेलम भागातला असतो. तिथल्या साबुदाण्याला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कसाव्याचं, म्हणजे टॅपिओकाचं कंद सोलून वाटतात आणि त्याचं दूध काढतात. ते टाकीत निवळलं की तळाशी पांढरा स्टार्च बसतो. तो ओलसर असतानाच हलवून हलवून त्याचे गोल दाणे करतात, ते तापलेल्या पत्र्यावर भाजतात आणि मग उन्हात वाळवतात. ही सगळी माहिती स्वयंपाकघरात उपयोगी पडते. पोत्यात आणि पाकिटात दाण्यावर दाणा घासून सुटलेलं पीठ प्रत्येक दाण्याच्या अंगाला लागलेलं असतं. ते धुऊन काढलं नाही तर कढईत त्याची खळ होते, आणि मग दाणे एकमेकांना सोडत नाहीत.

म्हणून साबुदाणा रुंद भांड्यात घ्या, भरपूर पाणी घाला, बोटांनी हलकेच फिरवा आणि पाणी ओता. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघेल. पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत धुवा. तीन-चार वेळा पुरतं. तांदूळ चोळतो तसं चोळू नका, दाणे फुटतात. आणि हे सगळं भरभर उरका, कारण धुतानाही साबुदाणा पाणी पितच असतो.

भिजवणं

आता खरं काम. शेवटचं पाणी निथळून टाका. साबुदाणा भांड्यात हाताने सपाट करा. मग कडेने थोडं थोडं पाणी घाला आणि वरचे दाणे जेमतेम ओले होतील, पाण्याची पातळी दाण्यांच्या पातळीला टेकेल, तिथे थांबा. दाण्यांच्या वर पाणी तरंगताना दिसलं तर ते जास्त झालं, लगेच ओतून टाका. वाटीने मोजायची सवय असेल तर एक वाटी साबुदाण्याला साधारण पाऊण वाटी पाणी लागतं. पण मोजमापापेक्षा पातळीवर विश्वास ठेवा. धुताना दाण्यांनी किती पाणी प्यायलं ते वाटीला कळत नाही.

‘साबुदाणा बुडून वर बोटभर पाणी’ हा सल्ला मलाही सुरुवातीला मिळाला होता, आणि त्याने खिचडीची लापशी होते. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. तो पाणी आणि उष्णता मिळाली की फुगून पारदर्शक होतो, हेच त्याचं शिजणं. दाण्याच्या पोटात मावेल त्याहून जास्त पाणी भांड्यात राहिलं, तर ते दाण्याच्या अंगावर राहतं, कढईत बाहेरचा थर विरघळवतं आणि सगळ्याची खळ करून टाकतं. उलट पाणी कमी पडलं तर दाण्याच्या मधोमध कोरडा पांढरा ठिपका राहतो. तो कढईत कितीही परतलात तरी शिजत नाही, कारण शिजायला पाणीच नाही. परतून परतून बाहेरचा भाग चिवट होतो आणि आतली कणी तशीच राहते. एका महामार्गावरच्या धाब्यावर मला अशी खिचडी मिळाली होती. वरून तुपाने चकचकीत, खोबरं-कोथिंबीर पेरलेली, आणि प्रत्येक घासाला कचकच. तूप घालून ही चूक झाकता येत नाही.

भांडं रुंद आणि पसरट घ्या. खोल पातेल्यात पाणी तळाला जातं, खालचे दाणे लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात. रुंद भांडं असलं तरी पाऊण-एक तासाने एकदा हलक्या हाताने वरखाली करायचंच. एवढ्या एका गोष्टीने निम्म्या तक्रारी मिटतात, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही. मग झाकण घालून ठेवा. उघडं राहिलं तर वरचा थर पंख्याच्या वाऱ्याने सुकतो.

किती वेळ? मध्यम साबुदाण्याला चार ते पाच तास. पाणी बेताचं असेल तर रात्रभर ठेवलं तरी बिघडत नाही. पाणी जास्त असेल तर दोन तासांतही बिघडतं. घड्याळाकडे पाहून ठरवूच नका. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. तो अलगद सपाट व्हायला हवा, मध्ये टणक कणी लागता कामा नये, आणि बोटं चिकटही व्हायला नकोत. एकच दाणा पाहून समाधान मानू नका. वरचा, मधला आणि तळाचा असे तिन्ही दाबून बघा. शेवटी मूठभर साबुदाणा हातात घेऊन सोडा. दाणे सुटे पडले की भिजवणं जमलं.

प्रत्येक दुकानाचा साबुदाणा सारखा नसतो. जुना, जास्त वाळलेला माल जास्त पाणी मागतो. नवं पाकीट उघडलं की पहिल्या वेळी थोडा आधी भिजवा आणि मध्ये दोनदा दाबून बघा. चतुर्थीच्या सकाळी पाहुणे यायच्या वेळी नव्या पाकिटाची परीक्षा घेऊ नका.

गरम पाण्यात अर्ध्या तासात भिजवण्याची युक्ती हल्ली सगळीकडे फिरते. ती सोडून द्या. गरम पाण्याने बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो, आणि त्याच थरामुळे पाणी आत जायचं थांबतं. म्हणजे बाहेर खळ आणि आत कणी, दोन्ही दोष एकाच ताटलीत. घाई असेल तर पोहे करा, उपवास असेल तर वरी करा.

भिजवणं बिघडलं तर

कणी राहिली असेल तर पाण्याचा हबका मारा, हलवा, झाकून अर्धा तास ठेवा, परत दाबून बघा. ओतू नका, हबकाच मारा.

पाणी जास्त झालं असेल तर साबुदाणा चाळणीत निथळा आणि सुती पंचावर पातळ पसरून अर्धा-पाऊण तास पंख्याखाली ठेवा. बऱ्यापैकी सावरतो. तरीही बोटांना चिकटत असेल तर खिचडीचा हट्ट सोडा. त्यात उकडलेला बटाटा, कूट, मिरची, जिरं घालून वडे किंवा थालीपीठ करा. त्याला तो चिकटपणा हवाच असतो.

कूट

शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सालं पाखडून, जाडसर कुटा. मिक्सर सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो, म्हणून थांबून थांबून फिरवा. कूट, मीठ आणि साखर भिजलेल्या साबुदाण्यात आधीच, कढईबाहेर, हाताने मिसळा. कूट दाण्यांच्या अंगावरची ओल टिपून घेतं आणि दाण्यादाण्याच्या मध्ये बसतं. कढईत वरून घातलेलं कूट काही दाण्यांना लागतं, बाकीचं तळाला जाऊन करपतं. कुटात कंजूषी नको. अर्ध्या वाटीच्या खाली गेलात तर खिचडी मोकळीही होत नाही आणि चवही लागत नाही.

कढईत

तूप तापवा, जिरं तडतडू द्या, मिरच्यांचे तुकडे घाला. बटाट्याच्या पातळ काचऱ्या घालून कडा लालसर होईपर्यंत परता. उकडलेला बटाटाही चालतो, पण तुपात परतलेल्या कच्च्या बटाट्याला जी चव आहे ती त्याला नाही. मग साबुदाणा घाला आणि आच मध्यम ठेवा. उलथनं तळाशी नेऊन वर उचलायचं, गोल गोल ढवळायचं नाही.

दोन-तीन मिनिटांनी आच बारीक करून झाकण ठेवा आणि एकच वाफ काढा, दोन मिनिटांची. झाकण काढताना सरळ वर उचलू नका. तिरकं करून बाजूला घ्या, म्हणजे आत जमलेलं पाणी खिचडीत ठिबकणार नाही. आता दाण्यांकडे बघा. पांढरे दाणे पारदर्शक झाले, मध्ये ठिपका दिसेनासा झाला, की त्या क्षणी गॅस बंद. अजून जरा परतू, असं म्हणत राहिलात तर दाणे चिवट होतात. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. खोबरं, कोथिंबीर वरून.

खिचडी गरमच खायची, सोबत गोड दही किंवा काकडीची कोशिंबीर. थंड झाली की स्टार्च घट्ट होतो आणि दाणे कडक लागतात. उरलेली गरम करताना पाण्याचा हबका मारून, झाकून मंद आचेवर वाफ आणा. मऊ होते, फक्त पहिल्यासारखी सुटी राहत नाही. म्हणून डब्यात न्यायची असेल तर तूप थोडं जास्त घाला आणि गॅस किंचित आधी बंद करा.

बाहेर खाताना

हॉटेलात खिचडीची ऑर्डर देण्याआधी एकदा काउंटरवरच्या भांड्याकडे नजर टाका. काठाला दाणे वाळून चिकटलेले आणि मधला ढीग एकसंध दिसला, तर दुसरं काही मागवा. नाहीतर नवा घाणा कधी निघणार ते विचारा आणि दहा मिनिटं थांबा. एकादशीला, चतुर्थीला, महाशिवरात्रीला बाहेरची खिचडी हमखास चांगली मिळते, कारण घाण्यामागून घाणा संपत असतो आणि कुठलाच भांड्यात पडून राहत नाही. एरवी दुपारी चार वाजता मी ती मागवत नाही. दादरला प्रकाशमध्ये गेलात तर मात्र खिचडीपेक्षा साबुदाणा वडा घ्या आणि वर पियुष.

इंदूरची खिचडी वेगळी, आणि ती एकदा तरी खायलाच हवी. राजवाडा आणि सराफा भागात ती उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात नुसत्या वाफेवर गरम राहते. तुपात परतण्याचा भाग जवळजवळ नाहीच. गिऱ्हाईक आलं की त्यात मसाला, लिंबू, मिरची, कोथिंबीर कालवून वर मूठभर फराळी चिवडा टाकतात. मऊ दाण्यांत कुरकुरीत बटाट्याचा कीस येतो तेव्हा फार छान लागतं. घरी करायची असेल तर भिजवणं वर सांगितलं तसंच, पण पाणी आणखी चमचाभर कमी. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यावर बसेल अशा भांड्यात कूट-मीठ लावलेला साबुदाणा आणि चमचाभर तूप घाला, झाका, मधूनमधून खालीवर करा. दहा-बारा मिनिटांत दाणे पारदर्शक होतात. चिवडा मात्र ताटलीत घेतल्यावरच घाला, आधी घातला तर मऊ पडतो.