लू सुरू झाली की वरची खोली रिकामी करा

मी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते. आता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात राहते. ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हटलं की लोक दुपारचंच बोलतात, पण म्हाताऱ्या माणसांना खरा धोका संध्याकाळी आणि रात्री असतो. आपल्या वाड्यांची छतं दगडी पट्ट्यांची. पारा 45 वर गेला की ते दगड दिवसभर ऊन पितात आणि मध्यरात्रीपर्यंत तीच धग छताखालच्या खोलीत सोडत राहतात. म्हणून नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायच्या आधीच आजी-आजोबांची खाट तळमजल्यावर आणा. छताला पांढरा चुना मारला तरी पुष्कळ फरक पडतो.

कूलर लावून खोली घट्ट बंद करू नका. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर ओल कोंडते आणि घाम वाळत नाही. पाऊस जवळ येऊन हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. पण लू वाहत असताना कोरडा पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, तेव्हा आधी ओल्या पंच्याने अंग पुसा.

म्हातारपणी तहान कळत नाही, म्हणून विचारू नका, पेला हातात द्या. पन्हं, ताक, काहीही चालेल. जुलाब-उलट्या होत असतील तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात ती किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.

आणि एकट्या राहणाऱ्यांकडे रोज जाऊन या. फोनवर सगळेच 'बरी आहे गं' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी पाच वाजता मी समोरच्या काकूंची वाटी परत द्यायला वर गेले. काकू खुर्चीत होत्या. अंग तव्यासारखं, कोरडं ठक्क, आणि मला त्या आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. बोलणं असं भरकटलं की ती उष्माघाताची खूण, मग अंगाला घाम असो वा नसो. मी 108 लावला. मुलांनी त्यांना उचलून खाली चौकात आणलं. ओली चादर, टेबलफॅन, मान, काखा आणि जांघांत माठाच्या पाण्याच्या घड्या. गाडी येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. तोंडात पाणी घातलं नाही, शुद्ध नसताना ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही नाही, या तापावर ती चालत नाही.

काकू वाचल्या. आता त्यांच्या दाराची एक किल्ली आमच्या देवघरात असते, आणि मेपासून पहिला पाऊस पडेपर्यंत त्या आमच्या खालच्या खोलीत, चौकाकडच्या खिडकीपाशी झोपतात.