कॅबिनेटच्या लाईटी नंतर बघा, आधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा

पन्नास हजाराच्या आत गेमिंग पीसी जुळवायचाय म्हणून कुणी कोटेशनचा फोटो पाठवला की मी आधी एसएमपीएसची ओळ शोधतो, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या पार्टांना लागेल तशी करून देणारा डबा, आणि बहुतेक वेळा तिथं नुसतं "४५० वॅट एसएमपीएस" एवढंच लिहिलेलं असतंय. कंपनी नाही, मॉडेल नाही, काही नाही. ग्राफिक कार्डाचं नाव मात्र पूर्ण, कॅबिनेटला चार आरजीबी, म्हणजे रंगीत लाईटीचे, फॅन हे पण लिहिलेलं. सगळ्या मशीनला करंट जिथनं जाणार तो पार्ट दुकानदाराच्या मर्जीवर सोडायचा आणि लाईटींवर दोन हजार घालायचे, हा उलटा कारभार आहे. म्हणून हे जरा नीट लिहितोय, आपल्या सांगली-मिरजेकडचं घर, इथली लाईट, इथला उन्हाळा धरून.

तर स्टिकर कसं वाचायचं. पीसीत खरी भूक दोघांनाच असते, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, आणि ते दोघंही १२ व्होल्टच्या लाईनवरच जगतात. ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाईनी पण असतात पण त्यांच्यावर आजकाल फार लोड नसतो. म्हणून एसएमपीएसच्या बाजूला जो तक्ता छापलेला असतो त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि १२ नं गुणा. पाच-सातशे रुपयाच्या लोकल एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असतंय आणि तक्त्यात १२ व्होल्टला १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॅट, संपला विषय. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसला तिथं ४५ अँपिअरच्या आसपास दिसेल, म्हणजे ५४० वॅट, जवळजवळ सगळा जोर १२ व्होल्टलाच. हा एक गुणाकार करायला शिकलात तर कुणी तुम्हाला गंडवू शकत नाही. आणि तक्ताच नसला तर हातात पण घेऊ नका.

आता लागतात किती वॅट. समजा आय-५ १२४००एफ प्रोसेसर घेतला, तो कागदावर ६५ वॅटचा आहे पण टर्बोत, म्हणजे पूर्ण जोरात पळताना, ११७ पर्यंत जातो, त्याला जोडून आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड घेतलं तर ते १३२, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन सगळं मिळून ढोबळ ५० धरा. झाले ३००. ग्राफिक कार्ड क्षणभरासाठी आकड्याच्या वर उडी मारतं आणि एसएमपीएस कायम काठावर चालवला की तापतो, फॅन बोंबलतो, म्हणून निम्म्याच्या आसपास जास्तीची जागा ठेवायची, म्हणजे चांगला ४५० चालतो आणि ५५० असला की निवांत. आरटीएक्स ४०६० तर ११५ वॅटचंच आहे, ५०६० चं १४५, ३०६० चं १७०, आणि इंटेलचं आर्क बी५८० घेणार असाल तर १९०, तिथं मग ६५० कडं बघा. पण बजेट पीसीला ७५०-८५० वॅटचा एसएमपीएस कोण सुचवत असेल तर त्याला सांगा भावा, गिरणी टाकायची नाहीये. आणि उलटी बाजू पण सांगतो, मोठ्या आकड्याचा हलका एसएमपीएस आणि छोट्या आकड्याचा चांगला एसएमपीएस समोर ठेवला तर डोळे झाकून दुसरा उचला.

८० प्लसचं लोकांना लई कौतुक आहे. तो शिक्का फक्त एवढं सांगतो की भिंतीतनं घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते आणि किती गरम हवा होऊन जाते. साधा ८० प्लस म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के लोडला किमान ८० टक्के, त्याच्यावर ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असं चढत जातं. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झालं तर बंद पडतो का, हे त्या शिक्क्यात येत नाही. तरी ब्रॉन्झ घ्याच, कारण ब्रॉन्झ असलेला माल सहसा बरा असतो आणि साडेतीन-चार हजाराच्या आसपास ५५० चा मिळून जातो. गोल्डसाठी ग्राफिक कार्ड एक पायरी खाली आणू नका. मी वॉरंटीवर जास्त भरवसा ठेवतो, ज्या कंपनीनं पाच वर्षं लिहून दिलीत तिनं आत काहीतरी बरं घातलेलं असणार. कोर्सेरची सीएक्स, डीपकूलची पीके, कूलर मास्टरची एमडब्ल्यूई ब्रॉन्झ, एमएसआयची एमएजी ए५५०बीएन, यातलं जे वेळेला स्वस्त मिळेल ते. अजून एक, किती तापमानाला पूर्ण वॅट देणार हे चांगल्या कंपन्या लिहितात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला माहितीये, त्यामुळं ४० डिग्रीचा आकडा असलेला बघा.

वायरींचं पटकन. २४ पिनची बोर्डाला, ४ अधिक ४ ची प्रोसेसरला, ६ अधिक २ ची ग्राफिक कार्डाला. स्लॉटमधनं ७५ वॅट मिळतात, ६ पिन अजून ७५ देते, ८ पिन १५०. लोकल एसएमपीएसला कार्डाची वायरच नसते, मग दुकानात मोलेक्सपासनं, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरीपासनं, ८ पिन करणारा एक जुगाड लावून देतात, आणि त्या पातळ वायरीतनं सव्वाशे-दीडशे वॅट गेले की आधी प्लॅस्टिकचा वास येतो. तो जुगाड लावून घेऊ नका. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला सारखी असली तरी आत प्लस-मायनस उलटं असतं, दाबून बसवू नका. आणि मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणारा, एसएमपीएस असेल तर एका कंपनीच्या वायरी दुसऱ्याला कधीच लावायच्या नाहीत, टोक बसलं तरी नाही.

आता घरची लाईट, हे यूट्यूबवर बाहेरची मंडळी सांगत नाहीत. गावभाग-खणभागातल्या जुन्या घरांत बऱ्याच बोर्डांना तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, मागं अर्थिंगची वायरच नाही. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्याचं कारण हेच. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते पत्र्याला जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसली की पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण एचडीएमआय केबल लावता-काढताना त्यानंच पोर्ट जाऊ शकतो, आणि एसएमपीएसच्या आत खरंच काही सुटून पत्र्याला लागलं तर मग वाचवायला अर्थिंगच नाही. वायरमनला बोलवा, त्याच्याकडनं मीटरवर तीन आकडे घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हा खर्च पीसीच्या बजेटमध्येच धरा, नंतर नाही.

तासगाव-पलूसकडं मळ्यात राहणाऱ्यांचं वेगळं, तिथं मोटरा चालू झाल्या की व्होल्टेज खाली आणि बंद झाल्या की एकदम वर. चांगल्या एसएमपीएसची इनपुट रेंज मोठी असते, बरेच १०० ते २४० वर चालतात, काही फक्त २००-२४० चे असतात, ते पण स्टिकरवर लिहिलेलं असतंय, मळ्यातल्या घराला पहिला प्रकार बघून घ्या. फ्रीजचा स्टॅबिलायझर पीसीला लावायच्या भानगडीत पडू नका, लाईन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, तो व्होल्टेज कमी-जास्त झालं तर स्वतःच सांभाळून घेतो.

यूपीएसमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक आकड्याची होते, कारण त्याच्यावर व्हीए लिहिलेलं असतं आणि आपण ते वॅट समजतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. वरच्या हिशोबातला ३०० वॅटचा पीसी भिंतीतनं साडेतीनशे खेचणार, त्यात मॉनिटरचे पंचवीस-तीस, म्हणजे गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएस टुक करून बसला. १००० व्हीए, ६०० वॅटच्या आसपासचा घ्या, आणि तो खेळायला नाही तर सेव्ह करून बंद करायला आहे हे डोक्यात ठेवा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर जी लाईन देतात ती गुळगुळीत नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते, आणि अॅक्टिव्ह पीएफसीवाले (भिंतीतनं वीज एकसारखी खेचणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस तिच्यावर बंद पडतात, म्हणून घेतलेल्या यूपीएसवर एकदा गेम लावून मेन स्विच बंद करून बघा, परत करायच्या मुदतीतच. घरात इन्व्हर्टर असला तर त्याच्यावर मोडचं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवायचं. नॉर्मलवर ठेवलं की पलटी मारायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रिस्टार्ट.

बाकीच्या पार्टांवर येऊ. पैशाचा मोठा वाटा ग्राफिक कार्डाला, चाळीस टक्क्याच्या आसपास, हा नियम ज्यांना मोठे गेम खेळायचेत त्यांच्यासाठी. फक्त व्हॅलोरंट आणि सीएस २ (काउंटर-स्ट्राईक २) खेळणार असाल तर ते प्रोसेसरवर जास्त अवलंबून आहेत, मग कार्ड हलकं चालतं. आत्ता कार्डाला पैसेच नसतील तर रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, त्याच्या आतल्या ग्राफिकवर हे दोन गेम कमी सेटिंगवर चालतात, पण एसएमपीएस मात्र आत्ताच ५५० चा टाका म्हणजे पुढच्या दिवाळीला नुसतं कार्ड घुसवायचं. एफ लिहिलेले इंटेल आणि साधा ५६०० यांना आतलं ग्राफिक नसतं, कार्ड नाही तर डिस्प्ले नाही, हे लक्षात न घेता मागवणारे लई आहेत. एएम४ (रायझनचा जुना सॉकेट, डीडीआर४ रॅमवाला) बोर्डाचं पुढं फार काही राहिलेलं नाही, नव्या एएम५ ला भविष्य आहे पण तिथं डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या शेवटापासनं रॅमचे भाव असे चढलेत की मी सध्या बजेटवाल्यांना डीडीआर४ वरच राहा म्हणतो. रॅम आठ-आठच्या दोन काड्या, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासनं दुसरा आणि चौथा. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारं बोर्डाचं सेटिंग) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायचं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत बसते. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान), ५०० जीबी किमान.

"पंधरा हजारात गेमिंग पीसी, आय-५, १६ जीबी" अशा जाहिराती येतात त्या नीट बघा. आय-५ खरा असतो पण तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा, एच६१ या तेवढ्याच जुन्या बोर्डावर. त्याला एव्हीएक्स २ (प्रोसेसरला समजणाऱ्या जास्तीच्या सूचना) नाही, ते चौथ्या पिढीपासनं आलं, आणि काही नवे गेम त्याच्याशिवाय उघडतच नाहीत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट ही बोर्डावरची सुरक्षेची सोय मागतं. त्या पीसीत कार्ड बहुतेक आरएक्स ५८० असतं, त्यात पण २०४८एसपी लिहिलेलं असेल तर ते नावाला ५८० आणि कामाला ५७०. मायनिंगमध्ये, म्हणजे क्रिप्टो नाणी काढायला दिवसरात्र, राबलेली अशी कार्डं सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची मायनिंग बंद झाल्यावर ढिगानं बाजारात आली. ऑफिसातनं निघालेले जुने ब्रँडेड पीसी पण स्वस्त मिळतात, ते वाईट नाहीत, पण बऱ्याच जणांचा एसएमपीएस आणि बोर्डाची पिन त्यांची स्वतःचीच असते, बाजारचा एसएमपीएस बसत नाही, तिथं मग वेगळी पॉवरची वायर न लागणारं कार्डच घालायचं, जीटीएक्स १६५० चं ७५ वॅटचं मॉडेल किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं.

सेकंडहँड घेताना आपल्या भागात एक गोष्ट जास्तीची बघायची, पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णा गावात आली तेव्हा किती दुकानं आणि तळमजले भिजले ते सगळ्यांना माहितीये. स्क्रूच्या डोक्यावर तांबूस गंज, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, हीटसिंकच्या फटीत वाळलेला गाळ, यातलं काही दिसलं तर फुकट दिलं तरी नको. कार्ड, प्रोसेसर, रॅम सेकंडहँड चालतं. एसएमपीएस मात्र कोरा, बिलासकट, यात घासाघीस नाही. आणि बंद पडलेला एसएमपीएस घरी उघडू नका, प्लग काढल्यावर पण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

घ्यायचं कुठनं? पुण्यात तपकीर गल्लीत भाव कमी निघतो हे खरं, ऑनलाईन पण कमी निघतो, पण जाण्यायेण्याचा खर्च धरा आणि पार्ट गेल्यावर परत तिथंच पाठवायचं हे पण धरा. मी म्हणतो कार्ड आणि प्रोसेसर जिथं स्वस्त तिथनं घ्या, बोर्ड आणि एसएमपीएस आपल्या गावातल्या ओळखीच्या दुकानातनं, तीन-चारशे जास्त गेले तरी. "जीएसटीशिवाय देतो" म्हणाला की १८ टक्के वाचले असं वाटतं, पण बिल नाही तर वॉरंटीला भांडायला कागदच नाही. कोटेशनवर प्रत्येक पार्टाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि बिलावर एसएमपीएस आणि कार्डाचा सिरीयल नंबर.

कॅबिनेट पुढनं जाळीचं बघा, काच नको, पुढं काच असली की हवा कुठनं घेणार. मार्केट यार्डाच्या बाजूला राहत असाल तर हळदीची धूळ महिन्याभरात फिल्टरवर पिवळी दिसते, त्यामुळं काढून धुता येणारा फिल्टर असलेलंच घ्या आणि पीसी जमिनीवर ठेवू नका. जोडून झालं की दुकानातनं लगेच उचलू नका, त्याला म्हणावं अर्धा तास एखादा जड गेम लावून ठेव, मॉनिटरची वायर बोर्डाला नाही तर कार्डाला लावलीये ना ते बघा, आणि एसएमपीएसच्या मागं हात धरा. कोमट हवा आली तर ठीक, चटका बसला किंवा वास आला तर तिथंच बदलून मागा.