भोवळीसाठी हृदयाच्या नसांचं ॲब्लेशन, हो म्हणायच्या आधी काय काय बघायचं

माझ्या धाकट्या बहिणीला बारावीपासून भोवळ येते. सुई टोचली की, लग्नात जेवणाच्या रांगेत उभी राहिली की, आधी तळवे ओले, मग कानात गुं गुं, ओठ पांढरेफटक आणि धाडकन खाली. पडल्यावर हातपाय झटकते म्हणून घरात सगळे फिट आली म्हणायचे, कांदा फोडून नाकाशी धरायचे. आता डॉक्टरांनी कार्डिओन्यूरोॲब्लेशन, म्हणजे हृदयाला ब्रेक लावणाऱ्या नसा जाळायची प्रोसिजर, सुचवलंय, त्या निमित्ताने जे कळलं ते सांगते.

आधी पडतानाचा व्हिडिओ काढा, फिट की भोवळ हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं. मग टिल्ट टेस्ट, टेबलाला पट्ट्यांनी बांधून जवळजवळ उभं करतात आणि ईसीजी, बीपी चालू ठेवतात. बहिणीच्या ईसीजीच्या कागदावर ११ सेकंद सरळ रेघ आली, म्हणजे तेवढा वेळ हृदय थांबलं होतं, बघून माझ्या पोटात गोळाच आला. पण सगळा निर्णय त्या रेघेवरच आहे. कारण भोवळीत एकीकडे व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस, हृदयाला ब्रेक लावते आणि दुसरीकडे रक्तवाहिन्या सैल पडून बीपी कोसळतं, ॲब्लेशन फक्त तो ब्रेक ढिला करतं. ज्याचं हृदय थांबत नाही, नुसतं बीपी पडतं, त्याने ह्या वाटेला जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं. ॲट्रोपिनचं, म्हणजे व्हेगसचा ब्रेक थोडा वेळ काढणारं, इंजेक्शन देऊन नाडी वाढते का तेही बघायला सांगा, नाही वाढली तर दोष नसांचा नसून हृदयाच्या मूळ पेसमेकरचा, म्हणजे ठोके सुरू करणाऱ्या नैसर्गिक जागेचा, असू शकतो.

ॲब्लेशनच्या आधी काही महिने साधे उपाय मनापासून करा. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, बीपी नसेल तर डॉक्टरांना विचारून मीठ थोडं जास्त, आणि घाम सुटला की लगेच पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या, मुठी घट्ट वळायच्या, तरी अंधारी आली तर आहे तिथे आडवं व्हायचं, लाजायचं नाही.

प्रोसिजरमधे जांघेतल्या शिरेतून कॅथेटर हृदयाच्या वरच्या कप्प्यांत नेतात आणि तिथल्या चरबीत नसांची जी गुंतवळं असतात ती रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळतात. ब्राझीलच्या पाशोन यांनी २००५ मधे हे पहिल्यांदा मांडलं. २०२३ मधे पोलंडमधली रोमन ट्रायल आली, ४८ पेशंट, दोन वर्षांत ॲब्लेशनवाल्या २४ पैकी २ जणांना परत भोवळ आली, न केलेल्या २४ पैकी १३ जणांना. आकडे आशेचे आहेत पण पेशंट थोडे, आणि कोणाला काय केलं हे पेशंटला माहीत होतं, हेही लक्षात ठेवा.

डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही अशा किती केल्या, काम झालं की नाही ते टेबलावरच कसं तपासता, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस. जांघेत रक्त साकळणं, हृदयाभोवती रक्त साठणं, क्वचित स्ट्रोक हे धोके आहेतच, नंतर बसल्या जागी नाडीही वाढलेली राहते, कधीकधी नसा परत जोडल्याही जातात.

आम्ही अजून तारीख घेतलेली नाही, ॲट्रोपिन टेस्ट बाकी आहे.