बिटाची पावडर: कोकणच्या हवेत न सादळणारी

बिटात साधारण ८७ टक्के पाणी असतं. पाणी गेल्यावर जे उरतं त्यात निम्मी किंवा त्याहून थोडी जास्तच साखर असते, आणि साखर हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून समुद्रकाठी ही पावडर पापडाच्याही आधी सादळते. घाटावर दोन दिवसांच्या उन्हात कुरकुरीत होणारे काप दापोली, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यात वरून कोरडे आणि आतून चिवट राहतात. त्यामुळे इथे सगळं लक्ष दोन गोष्टींवर हवं: दळण्याआधी कापांतला उरलासुरला ओलावा काढायचा, आणि दळल्यावर पावडर हवेत कमीत कमी वेळ उघडी ठेवायची.

कधी करावी

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. ऊन मवाळ असलं तरी सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा कोरडा असतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की हवा दमट होते, तेव्हा वाळवणाचं काम साधारण चारपर्यंत आटोपायचं.

एप्रिल-मेमध्ये खळ्यात आमसुलं आणि आंबापोळी पडलेली असतात, त्यांच्या शेजारी बीटही टाकावंसं वाटतं. ऊन कडक असतं, पण हवेत पाणीही तेवढंच असतं. आंबापोळी लवचीकच हवी असते, तिला हे चालतं. बीट मात्र कडकन मोडलं पाहिजे. मेमध्ये करायचंच असेल तर शेवटचं वाळवण ओव्हनमध्ये होईल हे गृहीत धरूनच सुरुवात करा. जून ते सप्टेंबर फक्त डिहायड्रेटर किंवा ओव्हन.

बीट निवडणं, चिरणं, वाफवणं

खालचं सगळं माप २ किलो बिटाचं आहे. सोलून, शेंडे-बुडखे काढून १ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास उरतं आणि त्यातून १८० ते २०० ग्रॅम पावडर होते. बीट मुठीएवढं, टणक आणि सुरकुती नसलेलं घ्या. फार मोठ्या बिटात पांढरट कडी आणि धागे असतात, त्याची पावडर फिकी येते आणि चाळणीवर चोथा फार उरतो. पाला ताजा असेल तर टाकू नका, लसूण-मिरचीवर परतून चांगली भाजी होते.

साल जरा जाडच काढा. बिटाला मातीचा वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्याच्यातही हेच द्रव्य असतं. ते सालीत आणि सालीलगत जास्त असतं. पातळ सोललेल्या बिटाची पावडर पुढे सोलकढीत किंवा ताकात घातली की हा वास वर येतो.

वेफर्सच्या किसणीवर २ ते ३ मिलिमीटर जाडीचे काप करा. किसही चालतो आणि लवकर वाळतो, पण तो जाळीला चिकटतो नि त्याचा रसही फार गळतो. रस गेला की रंग गेला. लोखंडी विळी इथे वापरू नका, स्टीलची सुरी किंवा किसणी घ्या. लोखंड आणि तांबं बिटाचा रंग मारतात. विहिरीच्या पाण्याला गंजाचा वास येत असेल किंवा भांड्यावर तांबूस थर बसत असेल, तर धुवायला आणि वाफवायलाही दुसरं पाणी घ्या.

आता काप मोदकपात्राच्या चाळणीत पसरून ३ ते ४ मिनिटं वाफवा. पाणी उकळल्यावरच चाळणी ठेवायची आणि तेव्हापासून वेळ मोजायचा. बऱ्याच जणी ही पायरी गाळतात आणि नंतर पावडर तपकिरी का झाली म्हणून उन्हाला दोष देतात. चिरलेल्या बिटातली विकरं वाळतानाही आपलं काम करत राहतात आणि रंग मोडतात, वाफेने ती थांबतात. पाण्यात मात्र उकडू नका, अर्धा रंग त्या पाण्यातच उतरेल.

वाफवलेल्या कापांवर एका लिंबाचा रस शिंपडून हलक्या हाताने कालवा. बिटाचा लाल-जांभळा रंग थोड्या आंबट वातावरणात टिकतो. लिंबाऐवजी आगळ घालावंसं वाटेल, पण आगळात मीठ भरपूर असतं, आणि पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीचं काय होतं हे प्रत्येक कोकणी घराला माहीत आहे. पावडरीत मीठ अजिबात नको.

वाळवण

काप एकमेकांवर येणार नाहीत असे पसरा. स्टीलच्या ताटात किंवा प्लास्टिकवर खालची बाजू घाम धरते, सुती कापडावर बीट चिकटतं आणि कापडच रंगतं. चौकटीवर ताणलेली नायलॉनची नवी जाळी सगळ्यात उत्तम, ती नसेल तर सूप. चौकट दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालूनही वारा लागतो. वरून पातळ पांढरं कापड झाका. ते माश्यांसाठी हवंच, शिवाय थेट उन्हानेही रंग उडतो. पूर्ण सावलीत वाळवलेल्या बिटाचा रंग सुंदर राहतो असं सांगतात आणि कोरड्या हवेत ते खरंही आहे, पण इथे सावलीत दुसऱ्या दिवशी काप आंबू लागतात.

सकाळी दव पूर्ण गेल्यावर, साधारण नऊला बाहेर काढा. दुपारी एकदा उलटा. चारला घरात घ्या. पहिल्या रात्री काप अर्धे ओले असतात, ते डब्यात बंद केले तर घामेजतात आणि सकाळी आंबूस वास येतो. पंख्याखाली पसरून ठेवा किंवा ताटासकट, न झाकता, फ्रिजमध्ये. दुसऱ्या रात्रीपासून, काप गार झाल्यावर, घट्ट झाकणाचा डबा चालतो. हिवाळ्यात तीन दिवस लागतात, मळभ आलं तर चार. पहिल्याच दिवशी मळभ आलं तर वाट न पाहता ओव्हन लावा.

डिहायड्रेटर असेल तर ५५ ते ६० अंशांवर ८ ते १० तास. ओव्हनमध्येही तेवढंच तापमान, आणि दार लाकडी चमचा अडकवून बोटभर उघडं, नाहीतर वाफ आतच कोंडते. घाईने तापमान ८० वर नेलं तर कापांची कड आधी कडक होते, आतलं पाणी अडकतं आणि साखर करपू लागते. असा काप हाताला वाळलेला लागतो, दळताना मात्र जारच्या पात्याला चिकटून लगदा होतो. मायक्रोवेव्ह यासाठी कामाचा नाही, एक काप जळतो आणि शेजारचा ओला राहतो.

वाळलं की नाही हे वजनावरूनही कळतं. सोलल्यावरचं वजन लिहून ठेवा, ते सातव्या-आठव्या हिश्शावर आलं पाहिजे. मग काप पूर्ण गार करून मोडून पाहा, कारण गरम काप नेहमी मऊच लागतो. वाकला तर अजून वेळ आहे. टक् आवाज करून तुटला की झालं. तरीही लगेच दळू नका. काचेच्या कोरड्या बरणीत पाऊण भरतील एवढे काप घालून झाकण लावा, चार दिवस ठेवा आणि रोज एकदा हलवा. काचेवर बाष्प दिसलं किंवा काप नरम पडले, तर पुन्हा वाळवा. जाड-पातळ कापांतला ओलावाही या चार दिवसांत एकसारखा होतो.

दळणं आणि भरणं

दळायला कोरडा दिवस आणि सकाळची वेळ निवडा. काप ६० अंशांच्या ओव्हनमध्ये २० मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाची स्टीलची कढई तापवून गॅस बंद करा आणि तीत काप पसरून हलवत राहा. झाकणाच्या कोरड्या डब्यात गार होऊ द्या आणि डबा उघडला की थेट मिक्सरमध्ये. पंख्याखाली गार करायला ठेवले तर ओव्हनमधली मेहनत वाया जाते.

मिक्सरचा सुका, लहान जार घ्या आणि तो अर्धाच भरा. २० सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा २० सेकंद. सलग फिरवलं की जार तापतो, साखर मऊ होते आणि पावडर कडेला थापली जाते. मैद्याच्या चाळणीने चाळून जाड भाग पुन्हा फिरवा. शेवटी उरणारा चोथा थालीपिठाच्या पिठात घाला.

लगेच लहान काचेच्या बरण्यांत, काठोकाठ भरा. २०० ग्रॅमसाठी एका मोठ्या बरणीपेक्षा ५० ग्रॅमच्या चार कितीतरी बऱ्या, एक वापरात असताना तीन बंद राहतात. खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी प्रत्येकीत टाका. तांदळाची पुरचुंडीही घालतात, पण कोकणात तांदूळ स्वतःच ओलावा धरून असतो. अंधाऱ्या कपाटात ही पावडर दोन-तीन महिने चांगली राहते, फ्रिजमध्ये सहा. फ्रिजमधली बरणी बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवा आणि मगच उघडा, नाहीतर गार पावडरीवर हवेतलं पाणी बसतं. गुठळी झाली पण वास नि रंग चांगला असेल तर ओव्हनमध्ये कोरडी करून पुन्हा दळता येते. कुबट वास, पांढरी-हिरवी बुरशी किंवा आंबूसपणा असेल तर सगळी बरणी फेका.

वापरताना

एक सपाट छोटा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम पावडर, साधारण २५ ग्रॅम ताज्या बिटाइतकी. एवढ्याशा चमच्यात फार पोषण शोधू नका, ही मुख्यतः रंगासाठी आणि किंचित गोडीसाठी आहे.

उकडीच्या मोदकांना रंग द्यायचा तर २ वाट्या पिठीला अर्धा चमचा पावडर, एक मोठा चमचा गार पाण्यात भिजवून, चार थेंब लिंबू पिळून. ती उकळत्या पाण्यात न घालता उकड मळताना घाला आणि रंग हवा त्याहून थोडा गडद ठेवा, कारण १०-१२ मिनिटांच्या वाफेत तो उतरतो. तांदळाच्या भाकरीला वाटीभर पिठाला एक चमचा. आंबोळीच्या पिठात ती आंबल्यावर, तवा तापत असताना मिसळा. आंबलेल्या पिठात रंग छान टिकतो, घावनात तो तव्यावर कडेने तपकिरी होतो. नारळाच्या वड्यांत मिश्रणाचा गोळा होऊन गॅस बंद केल्यावर, दोन वाट्या चवाला एक चमचा.

खाता सोडा पडला की हा रंग पिवळट-तपकिरी होतो. ढोकळ्यात, सोड्याच्या केकमध्ये पावडर फुकट जाते. दही भरपूर असेल तर थोडा रंग राहतो, तोही विटकरी.

सोलकढीत चिमूटभर घालतात. घालायचीच तर ती कोकमाच्या पाण्यात विरघळवा, नारळाच्या दुधात घातली तर ठिपके पडतात. कोकम चांगलं असेल तर मात्र घालू नका, सोलकढीचा खरा रंग फिका गुलाबीच असतो.

बीट खाल्ल्यावर लघवी किंवा शौच लालसर होऊ शकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र जपून खावं, बिटात ऑक्झलेट बरंच असतं. मधुमेह असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील आणि पावडर रोज घ्यायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देऊ नका, बिटातलं नायट्रेट त्या वयात घातक ठरू शकतं.