कोंबडीवर हल्ला झाला तर: आधीच भरून ठेवायचा खोका

मुंबईत कोंबड्या पाळणारे अजून बरेच आहेत, गोराई-मनोरीला, मढला, आरेच्या पाड्यांवर, जुन्या गावठाणांत, आणि जिथे कोंबडी तिथे तिला खाणारेपण आलेच. दिवसा मुंगूस आणि घार, रात्री बोका नाहीतर उदमांजर, पिल्लांना घूस, आणि कुत्री तर कधीही. हल्ला होतो तोही नेमका मेडिकल बंद असताना आणि डॉक्टर फोन उचलत नसताना. म्हणून तयारी आत्ता करा, रक्ताने माखलेली कोंबडी एका हातात धरून दुसऱ्या हाताने कपाटात गॉज शोधायची पाळी कोणावर येऊ नये.

पहिली गोष्ट म्हणजे खोका. झाकणाचा पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा भाजीवाल्यांकडचा प्लास्टिकचा क्रेट, हवेला भोकं हवीत, खाली जुना टॉवेल. पेपर अंथरू नका, त्यावर पाय घसरतात आणि आधीच हादरलेली कोंबडी आणखी फडफडते. हा खोका घरातच ठेवायचा, बाथरूममध्ये किंवा पलंगाखाली, कुठेही अंधार आणि शांतता असेल तिथे. गॅलरीत नको, कावळ्यांना लगेच कळतं. आणि खुराड्यात तर अजिबात परत सोडू नका, रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या त्याच जागी टोचत राहतात, रोजच्या सोबतिणीसुद्धा.

आता ही गोष्ट लोकांना पटत नाही पण माझं ठाम मत आहे, की रक्त वाहत नसेल आणि श्वास नीट असेल तर पहिला अर्धा तास तिला काहीही करू नका. धक्का फार वाईट असतो. तुरा पांढरट पडतो, डोळे मिटतात, मान टाकते, आणि आपण घाबरून चोचीत पाणी ओततो. कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते, ओतलेलं पाणी सरळ तिकडे जातं. तिला अंधारात ठेवा, ऊब द्या. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी, बाटलीला फडकं गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल. पावसाळ्यात भिजलेली असेल तर आधी टॉवेलने टिपून घ्या. मे महिन्यात मात्र बाटलीची गरज नाही, उलट चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर ती हवेशीर जागी हवी.

खोक्याशेजारी एक डबा भरून ठेवा. त्यात गॉज, क्रेप बँडेज, डिस्पोजेबल ग्लोव्ह्ज, बिनसुईच्या १० आणि २० मिलीच्या सिरिंज, नॉर्मल सलाइनची बाटली, बीटाडाइन, बोथट टोकाची कात्री, चिमटा, टॉर्च, ओआरएसची पाकिटं आणि थोडं कॉर्नफ्लोअर. सलाइन संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, साधारण दीड चहाचा चमचा. ग्लोव्ह्ज विसरू नका, कुत्र्याची किंवा मुंगसाची लाळ पिसांवर ओली असते. हातावर कुठे कापलेलं, खरचटलेलं असेल आणि लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीचं डॉक्टरला विचारून घ्या.

रक्त वाहत असेल तर मात्र थांबायचं नाही. गॉज ठेवून बोटांनी दाबून धरा, पाच-सात मिनिटं, मध्ये उचलून बघू नका. दीड किलोच्या कोंबडीत सगळं मिळून १०० मिलीच्या आसपासच रक्त असतं, त्यामुळे आपल्याला थोडं वाटतं ते तिच्यासाठी खूप असू शकतं. नख तुटलं किंवा पीस मोडून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबलं की थांबतं. दाबताना किंवा बँडेज बांधताना छाती आवळू नका, पक्ष्यांची छाती वरखाली झाली तरच श्वास चालतो, घट्ट पकडलेली कोंबडी हातातल्या हातात गुदमरते.

मग जखमा शोधायच्या, आणि इथे घाई नको. वरून पिसं सारखी दिसतात आणि आत कातडी फाटलेली असते. दोघं जण असा, एकाने टॉवेलमध्ये धरायची, दुसऱ्याने टॉर्च घेऊन पिसांवर फुंकर मारत मारत बघायचं, फुंकरीने पिसं बाजूला होतात आणि खालची कातडी उघडी दिसते. मान, पाठ, पंखांच्या खाली, मांडीची आतली बाजू, शेपटीखाली. मुंगसाच्या किंवा मांजराच्या दातांची भोकं तांदळाच्या दाण्याएवढी असतात आणि तीच जास्त घातक, वरून लगेच बंद होतात, आत घाण राहते. कातडीखाली हवा भरून फुगलं असेल, दाबल्यावर चुरचुरतंय असं वाटलं, तर आतली हवेची पिशवी फुटलेली असू शकते, तिथे पाणी मारू नका, सरळ डॉक्टर. आतडं बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका, सलाइनमध्ये भिजवलेला गॉज ठेवून निघा.

बाकीच्या जखमा सिरिंजने सलाइन मारून धुवा, कडेची पिसं कापा, मग कोऱ्या चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ केलेलं बीटाडाइन. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. खोल जखमेत हळद भरू नका, आत साचून राहते. गुरांच्या जखमेत टर्पेंटाईन ओततात ते कोंबडीला चालत नाही. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम तर नाहीच नाही, दुखण्याचं औषध डॉक्टर वजन बघून देईल.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कारण आपल्याकडचे बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरी बघतात. दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा, कोंबडी बघता का, रविवारी कोण असतं, आणि नंबर डब्याच्या झाकणावर लिहा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, जुनी माणसं बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते, १८८६ मध्ये सुरू झालेलं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजही तिथेच. दात लागले असतील तर त्याच दिवशी दाखवा, मांजराच्या चाव्यात तर एक रात्रसुद्धा जास्त होते. गोराई-मनोरीवाल्यांनी शेवटच्या बोटीची वेळ पण लिहून ठेवा, रात्री खाडी ओलांडायची म्हणजे प्रश्नच असतो.

माशा हे आपल्या पावसाळ्यातलं सगळ्यात मोठं संकट. जखमेवर माशी बसली की दिवसभरात अळ्या होतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा पाहिजेच, आणि सकाळ-संध्याकाळ जखम बघायची, शेपटीखाली शिट चिकटली असेल तर धुऊन कोरडं करायचं.

सावध झाली, मान धरून बसली की ओआरएसचं पाणी पुढे ठेवा, तिचं तिला पिऊ दे. मग भिजवलेला लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरड खाद्य, आणि उकडलेलं अंडं कुस्करून. रोज किचनच्या वजनकाट्यावर वजन घ्या, शिट हिरवी पातळ येत असेल तर पोटात काही जात नाहीये असं समजा. धीर सोडू नका, आमच्या लालीच्या पाठीची कातडी तळहाताएवढी सुटून आतलं लाल मांस दिसत होतं, ती भरून आली आणि पुन्हा अंडी द्यायला लागली. पण दोन्ही पाय निकामी झाले असतील, खाणंपिणं सुटलं असेल आणि डॉक्टरच नको म्हणत असतील तर तिला उगाच झिजवू नका.

इकडे खुराडं त्याच दिवशी दुरुस्त करा, आलेलं जनावर परत येतंच. षटकोनी जाळी कुत्रा फाडतो, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि खाली फूटभर पुरा. मुंगसाला पकडायला किंवा मारायला जाऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. जखम पूर्ण बंद होऊन पिसं आली की मगच तिला परत न्या, आधी काही दिवस क्रेटमध्येच बाकीच्यांच्या नजरेसमोर, आणि मग रात्री दांडीवर नेऊन बसवा. अँटिबायोटिक चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नका, विकूही नका.