पुण्यात राहत्या घराची ४० टक्के करसवलत कशी मिळवावी

स्वतःच्या घरात राहणाऱ्याला पुणे महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते, हे जुन्या पुणेकरांना १९७० पासून ठाऊक आहे. घरोघरी ती इतकी गृहीत धरलेली आहे, की नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली कुटुंबंही ‘आपल्याला लागलीच असेल’ असं समजून पूर्ण बिल भरत राहतात. इथेच पैसे जातात. मधल्या काळात राज्य सरकारने ही सवलत थांबवली होती. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण १ एप्रिल २०१९ नंतर ज्या घरांची नव्याने आकारणी झाली, त्यांना ती आपोआप लागत नाही. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज द्यावा लागतो. जीआयएस सर्वेक्षणानंतर (महापालिकेने डिजिटल नकाशांच्या आधारे केलेली मिळकतींची पाहणी) ज्यांची सवलत काढली गेली, त्यांचाही मार्ग हाच.

सवलत लागली आहे की नाही, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. तुमच्याच इमारतीत तेवढ्याच क्षेत्रफळाचं, मालक स्वतः राहत असलेलं एखादं घर शोधा आणि दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवा. पाहायचा आकडा एकच, वार्षिक करपात्र मूल्य. समजा, तुमच्या घराचं वार्षिक भाडेमूल्य, म्हणजे ते भाड्याने दिलं तर वर्षाला येईल असं मानलेलं भाडं, ५०,००० रुपये धरलं आहे. देखभाल-दुरुस्तीची १० टक्के वजावट केली की ४५,००० उरतात. सवलत असेल तर यातून ४० टक्के आणखी कमी होऊन करपात्र मूल्य २७,००० वर येतं. बिलातले बहुतेक कर या मूल्याच्या टक्केवारीत बसवलेले असतात, त्यामुळे फरक एका ओळीत न राहता सगळ्या बिलभर दिसतो.

घर भाड्याने दिलं असेल तर मात्र अर्ज करू नका. सवलत मालक स्वतः राहतो त्या निवासी घरालाच आहे. पाहणीला माणूस आला आणि दारात भाडेकरू भेटला, तर पुढचा त्रास तुमचाच.

आता कागदपत्रं. सोसायटीचं पत्र हवं, ‘या सदनिकेत मालक स्वतः राहतात’ असं स्पष्ट लिहिलेलं. सचिवांना आधीच सांगून ठेवा, बहुतेकांचे दिवस याच पत्रात जातात. त्याबरोबर त्या घराच्या पत्त्याचा एक पुरावा: मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रेशनकार्ड किंवा गॅसचं कार्ड. शहरात तुमची दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही जोडा, लपवू नका. बिलावर अजून बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव असेल, तर आधी नावाचं हस्तांतरण करून घ्या. अर्जदार एक आणि बिलावर नाव दुसऱ्याचं असलं, तर अर्ज तिथेच अडकतो.

अर्ज महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतो. भरलेला अर्ज आपल्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे (तुमच्या भागाचं मिळकत कराचं काम पाहणारा महापालिकेचा कर्मचारी) द्या. मुदत वेळोवेळी जाहीर होते. २०२३ मध्ये आधी १५ नोव्हेंबर ही तारीख होती, मग ती वाढवली. वाढेल या भरवशावर मात्र थांबू नका. पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि अर्जाच्या संपूर्ण संचाची झेरॉक्स घरी ठेवा. तुमचा अर्ज पोचला याचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक इथून पुढे होते. ‘अर्ज दिलाय, आता नवं बिल येईल तेव्हा भरू’ म्हणून लोक भरणा थांबवतात. थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. मिळालेली सवलत त्यात विरघळायला वेळ लागत नाही. हातातलं बिल वेळेत भरा. सवलत मंजूर झाल्यावर जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती केली जाते.

वेळेत भरण्याचा वेगळा फायदाही आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या मुदतीत पूर्ण बिल भरलं, तर बिलातल्या ‘सर्वसाधारण कर’ या भागात ५ किंवा १० टक्के सूट मिळते. शिवाय सौरऊर्जा, गांडूळखत किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प सोसायटीत चालू असेल तर ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट असते. प्रकल्प खरोखर चालू हवा. बंद पडलेल्या टाकीवर सूट मागू नका. घरात माजी सैनिक किंवा त्यांच्या पत्नी असतील, तर त्यांच्यासाठीच्या करमाफीचीही क्षेत्रीय कार्यालयात त्याच फेरीत चौकशी करा.

पुढच्या आर्थिक वर्षाचं बिल आलं, की पुन्हा तोच आकडा पाहा. करपात्र मूल्य खाली आलं नसेल तर पोच आणि झेरॉक्स घेऊन त्याच खिडकीवर जा.