रिकर्शनमधून उत्तर परत येत नाही? या चुका टाळा

पायथनमध्ये रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन लिहिलं, आत प्रिंट टाकलं की उत्तर बरोबर दिसतं, बाहेर मात्र ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. असं झालं की बहुतेक जण बेस केस (फंक्शन स्वतःला बोलावणं जिथे थांबवतं ती अट) बदलत बसतात. दोष सहसा तिथे नसतो.

उदाहरण ठाण्याचंच घेऊ. ट्रान्स-हार्बर लोकलने निघालं की दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तिथून दोन फाटे: एक सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगर, नेरूळ करत पनवेलला. ‘शोधा’ हे फंक्शन दिलेल्या स्टेशनापासून नेरूळ किती स्टेशनं पुढे आहे ते सांगतं. नेरूळच आलं तर 0, हा बेस केस. नाहीतर ते पुढच्या प्रत्येक स्टेशनासाठी स्वतःलाच बोलावतं, आणि नेरूळ कुठेच सापडलं नाही तर ‘नन’ देतं.

हे 0 थेट ठाण्याला पोचत नाही. ते फक्त जुईनगरच्या कॉलला मिळतं. जुईनगरने त्यात 1 मिळवून तुर्भ्याला द्यायचं, तुर्भ्याने 2 करून मागे. असं करत ठाण्याला 8 मिळतात. नुसतं ‘शोधा’ला बोलावलं आणि रिटर्न लिहिलं नाही, तर प्रत्येक पायरीवर उत्तर हरवतं. टेस्ट नेरूळपासूनच सुरू केली तर 0 बरोबर येतं आणि चूक लपून राहते, म्हणून टेस्ट नेहमी दोन-तीन स्टेशनं मागून करा. जावाचा कंपायलर अशा वेळी अडवतो, पायथन अडवत नाही.

दुसरी चूक फाट्यावर होते. पुढच्या स्टेशनांवरून फिरणाऱ्या लूपमध्ये पहिल्याच कॉलचं उत्तर रिटर्न केलं, तर तुर्भ्याहून सानपाडा, वाशी एवढंच बघून शोध थांबतो. जुईनगरकडे कोणी वळतच नाही. उत्तर आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, ते ‘नन’ नसेल तरच 1 मिळवून रिटर्न करा. शेवटचं ‘रिटर्न नन’ लूपच्या बाहेर हवं.

ही तपासणी नुसत्या ‘इफ उत्तर’ने करू नका. माझ्या मते सगळ्यात फसवी चूक हीच, कारण कोड वाचताना ती खटकत नाही. पायथन 0 ला खोटं मानतो, त्यामुळे नेरूळ सापडूनही जुईनगर ‘सापडलं नाही’ असं कळवतं. ‘इज नॉट नन’ असंच लिहा.

लिस्ट परत करायची असेल तर ‘अपेंड’ (लिस्टच्या शेवटी भर घालणं) वेगळ्या ओळीत करा. अपेंड स्वतः नेहमी ‘नन’च देतं.

एकात एक कॉल फार झाले म्हणून रिकर्शनएरर आली, तर पायथनची 1000 कॉलची मूळ मर्यादा वाढवण्याआधी डेटा बघा. ऐरोलीच्या शेजाऱ्यांत दिघा गाव आणि दिघा गावच्या शेजाऱ्यांत ऐरोली असेल, तर कॉल त्या दोघांतच फिरत राहतात. पाहिलेली स्टेशनं एका सेटमध्ये ठेवा आणि पुन्हा आलेलं स्टेशन सोडून द्या.